भूगर्भाचे थर जोडणारा पाद्री : स्टीफन हिस्लॉप

उन्हाळा लागला की दिग्रस तालुक्यातल्या गावागावांत बोअरच्या गाड्या शिरतात. एका वावरात दोन-अडीचशे फुटांवर पाणी लागते, आणि धुऱ्यापलीकडे चारशे फूट गेले तरी नुसती धूळ उडते. पाणी पाहणाऱ्याच्या हातातला नारळ तर दोन्हीकडे उभा राहिलेला असतो! बोअर कोरडा गेला की नशिबाला बोल लावून आपण मोकळे होतो. पण दोन वावरांच्या मधल्या जमिनीखाली काय असेल, याचा अंदाज शेजारच्या विहिरींवरून बांधता येतो. तसा अंदाज आपल्या विदर्भात फार पूर्वी ज्यांनी बांधला, आणि बांधताना एक मोठी चूकही केली, त्यांची हकिगत आज सांगायची आहे.

नाव तुम्हाला ठाऊक आहे. नागपूरला शिकायला गेलेल्या पोराकडून हिस्लॉप कॉलेजचे नाव ऐकले नाही असे घर आपल्याकडे विरळाच. १८८३ साली निघालेले ते कॉलेज ज्यांच्या नावाचे, ते हे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. जन्म ८ सप्टेंबर १८१७, गाव स्कॉटलंडमधले डन्स. धर्मप्रसारासाठी म्हणून ते निघाले आणि १८४५ साली नागपुरात येऊन राहिले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप मराठी शिकले, १८४६ मध्ये शाळा काढली, खेड्यापाड्यांतून हिंडले. त्यांच्या धर्मकार्याविषयी ज्याचे त्याने मत ठेवावे. आपल्याला इथे काम आहे ते त्यांच्या खिशातल्या दगडांशी.

१८४७ मध्ये रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे पाद्री त्यांच्या मदतीला आले. दोघांनाही दगडांचा नाद. नागपूरच्या लगत टाकळी म्हणून गाव होते, आज ते शहरात मिसळून गेले आहे. तिथे काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मध्ये त्यांना मातीसारखा एक वेगळाच पातळ थर दिसला. फोडून पाहतात तर काय, त्यात गोगलगाईचे शंख, झाडांची फळे आणि बिया, किड्यांच्या पंखांवरची टणक कवचे, सगळे दगड होऊन बसलेले. गोगलगाई गोड्या पाण्यातल्या. म्हणजे तिथे कधीकाळी तळे होते.

आता बघा, ही साधी गोष्ट नाही. आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळून तो वितळलेला दगड बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. अशा आगीच्या दोन थरांमध्ये तळे कसे? तर एक थर पसरून निवला, त्यावर पाऊस पडला, पाणी साचले, झाडे उगवली, गोगलगाई वाढल्या. पुष्कळ काळ गेला आणि मग वरून दुसरा थर आला. आपल्या विहिरीत काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये जो तांबडा गेरूसारखा पट्टा लागतो, तोही अशाच विश्रांतीच्या काळात खडक कुजून झालेला आहे.

मात्र एका जागी थर सापडला म्हणजे काम संपले असे नाही. तो किती दूर पसरला आहे, कुठे संपतो, खाली जातो की वर येतो, हे कळायला हवे. त्या काळी बोअरची गाडी नव्हती. जमिनीच्या पोटात डोकवायचे तर विहीर, दगडाची खाण, नाल्याची दरड नाहीतर टेकडीचा उतार, एवढ्याच खिडक्या. टाकळी झाली, सीताबर्डीची टेकडी झाली, कामठी आणि सिल्लेवाड्याचे वाळूचे दगड झाले, दक्षिणेकडे मांगलीपर्यंत दोघे गेले. मांगलीला तर एका पुराणकालीन जलचर प्राण्याची कवटी मिळाली. प्रत्येक ठिकाणी कोणत्या थराखाली कोणता थर, हे टिपून घ्यायचे आणि मधल्या न दिसणाऱ्या जमिनीत तो थर कसा गेला असेल ते मनाने जोडायचे. नमुने लंडनला गेले आणि नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा दोघांचा निबंध १८५५ साली तिथल्या भूशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला. त्याच वर्षी हंटर प्रकृतीमुळे मायदेशी परतले. हिस्लॉप इथेच राहिले. पुढे एका खनिजाला त्यांच्या नावावरून हिस्लोपाइट असे नाव मिळाले.

आता ती चूक. नागपूरकडे काही ठिकाणी गोड्या पाण्यातला थर काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये होता, तर काही ठिकाणी तसाच दिसणारा थर सगळ्या काळ्या पाषाणाच्या खाली, जुन्या खडकावर टेकलेला होता. हिस्लॉप यांनी दोन्ही एकच मानले. मग प्रश्न पडला, एकाच थराच्या खाली इथे काळा पाषाण आणि तिथे नाही, असे कसे? त्यावर त्यांचे उत्तर असे की खालचा काळा पाषाण मागाहून त्या थराच्या तळाशी घुसला असावा. पुढे सरकारी भूशास्त्र खात्याचे विल्यम ब्लॅन्फर्ड यांनी हा सारा मुलूख पालथा घातला आणि १८६७ मध्ये वेगळे मत मांडले. काळ्या पाषाणाचे थर खालून वर क्रमानेच पसरले, कोणी कुणाच्या खाली घुसले नाही. मधला थर वेगळा आणि तळाचा वेगळा. आज तेच मान्य आहे. उत्तर द्यायला हिस्लॉप तेव्हा हयात नव्हते.

ही चूक आपल्या वावरात रोज होते म्हणून तर ती सांगितली. तुमच्या विहिरीत तांबडा पट्टा लागला, शेजाऱ्याच्या विहिरीतही लागला. तो एकच आहे का? नुसत्या खोलीवरून ठरवू नका. समजा, वरच्या विहिरीत पट्टा ४२ फुटांवर आहे आणि नाल्याकडच्या खालच्या विहिरीत ३० फुटांवर. वाटते की पट्टा १२ फूट वर आला. पण खालच्या विहिरीचे तोंडच वरच्या विहिरीच्या तोंडापेक्षा १५ फूट खाली असेल तर? ३० अधिक १५, म्हणजे ४५. पट्टा वर आला नाही, उलट ३ फूट खाली गेला. दोन्ही विहिरींच्या बरोबर मध्ये, एका रेषेत बोअर घ्यायचा असेल, आणि ती जागा वरच्या विहिरीच्या तोंडापेक्षा ६ फूट खाली असेल, तर पट्टा ४२ आणि ४५ यांच्या मध्ये, म्हणजे साडेत्रेचाळीसवर धरायचा. त्यातून ६ वजा केले की साडेसदतीस फूट. उंचसखलपणा पारदर्शक नळीत पाणी भरून कोणताही गवंडी मोजून देतो.

दोन विहिरींनी एकाच रेषेतला उतार कळतो. आडवा उतार कळायला त्या रेषेबाहेरची तिसरी विहीर हवी. तीन ठिकाणे जुळली म्हणजे थर तिरप्या पत्र्यासारखा डोळ्यांपुढे उभा राहतो. विहिरी जास्त असतील तर जवळच्या विहिरीच्या आकड्याला जास्त वजन द्यायचे, दूरच्या विहिरीला कमी. संगणक हेच गणित शेकडो बोअरवर करतो आणि जमिनीखालचे चित्र लांबी, रुंदी, खोली अशा तिन्ही अंगांनी काढतो. पण दोन वेगळे पट्टे एकच समजून आकडे दिले, तर संगणकही हिस्लॉप यांचीच चूक करणार, आणि ती रंगीत करून दाखवणार. म्हणून पट्ट्याच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे दोन्ही विहिरींत जुळले पाहिजे. हे थर सगळीकडे सारख्या जाडीचे नसतात, कुठे चार-सहा फूट, कुठे काही इंच, तर कुठे साफ नाहीसे.

पाण्याचे म्हणाल तर तांबडा पट्टा स्वतः पाणी देईल अशी आशा धरू नये. तो चिकणमातीसारखा असतो, पाणी फारसे सोडत नाही, आणि ओला झाला की फुगून बोअरमध्ये ढासळतो. पाणी असते ते बहुधा कुजलेल्या, भेगाळलेल्या किंवा बारीक छिद्रांच्या खडकात. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा माथा असा सच्छिद्र असतो आणि तो पट्ट्याच्या लगेच खाली सापडतो. मधला घट्ट काळा पाषाण भेगा नसतील तर कोरडाच. पट्टा किती फुटांवर येणार याचा अंदाज असला की कुठवर जायचे आणि कुठे थांबायचे, हे गाडीवाल्याच्या आधी तुम्हाला कळते.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. गावात बोअर होतो तेव्हा दर दहा फुटांवर निघणारी चुरी पिशवीत ठेवून तिच्यावर खोली लिहिली आणि बोअरच्या तोंडाची उंची नोंदवली, तर पाच वर्षांत ग्रामपंचायतीकडे गावाच्या भूगर्भाची वही तयार होईल. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसालाही ती उपयोगी पडेल. कोरड्या बोअरची नोंद तर पहिल्यांदा ठेवा. लाजेखातर तीच कोणी सांगत नाही.

हिस्लॉप यांचा शेवट आपल्याच भागातल्या एका नाल्यात झाला. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांच्यासोबत ते नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळे पाहायला गेले होते. परतताना बोरीची शाळा तपासायला ते मागे थांबले. अंधार पडल्यावर घोड्यावर एकटे निघाले. नाल्याला पूर होता. घोडा मुक्कामावर पोहोचला, स्वार नव्हता. तारीख ४ सप्टेंबर, सेहेचाळीस पुरे व्हायला चार दिवस उरलेले. गोंडांविषयी त्यांनी टिपून ठेवलेले कागद टेम्पल यांनी गोळा केले आणि १८६६ मध्ये छापून प्रसिद्ध केले.