लुई ब्रेल व त्याचे आईबाप

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपण त्यांच्या कर्तृत्वाकडे पाहतों. परंतु तें कर्तृत्व ज्यांच्या आधारावर उभें राहिलें, त्यांच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस जें चरित्र सांगणार आहों, तें अंधांस लिपि देणाऱ्या लुई ब्रेलचें आहे. पण तितकेंच तें खोगिरें शिवणाऱ्या एका खेडवळ कारागिराचें व त्याच्या पत्नीचेंही आहे.

फ्रान्स देशांत पॅरिस शहराच्या पूर्वेस सुमारें 25 मैलांवर कूव्रे नांवाचें गांव आहे. तेथें 4 जानेवारी 1809 रोजीं लुईचा जन्म झाला. वडील सिमोन रने ब्रेल हे घोड्यांचीं खोगिरें व साज तयार करीत. आईचें नांव मोनिक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. तीन वर्षांचा असतां तो वडिलांच्या कामाच्या खोलींत शिरला आणि कातडें टोंचण्याच्या आरीशीं खेळूं लागला. ती निसटून एका डोळ्यांत घुसली. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यासही जडला, आणि पांच वर्षांचा होईतों त्याची दृष्टि पार गेली.

त्या काळीं गरिबाघरच्या अंध मुलाच्या नशिबीं बहुधा भीक मागणें किंवा घराच्या कोपऱ्यांत बसून राहणें येई. त्यांतच 1814 सालीं परकी फौजा गांवांत येऊन राहिल्या व घरोघर ओढगस्त झाली. अशा दिवसांत या मुलाच्या शिक्षणाचा विचार आईबापांनीं सोडून दिला असता, तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनीं तो सोडला नाहीं. वडिलांनीं त्याला काठी करून दिली. लांकडावर खिळे ठोकून अक्षरांचे आकार केले आणि त्यांवरून मुलाचीं बोटें फिरवून त्याला अक्षरओळख करून दिली. गांवचे धर्मगुरु पाल्युई यांनीं त्यास कांहीं काळ स्वतः शिकविलें. पुढें शिक्षक बेशरे यांनीं त्याला गांवच्या शाळेंत घेतलें. शेजारचा एक मुलगा रोज त्याचा हात धरून त्याला शाळेंत नेई. डोळस मुलांच्या शेजारीं बसून, केवळ ऐकून ऐकून, लुई हुशार मुलांत गणला जाऊं लागला.

आपण इतरांसारखेच शिकूं शकतों, ही खात्री त्याला येथेंच मिळाली असावी, असें आम्हांस वाटतें. परंतु पुस्तक त्याला अजून मिटलेलेंच होतें. म्हणून घरच्यांनीं व धर्मगुरूंनीं गांवच्या उमरावाकडे रदबदली केली, आणि 15 फेब्रुवारी 1819 रोजीं, वयाच्या दहाव्या वर्षीं, लुई पॅरिस येथील अंधशाळेंत दाखल झाला.

ही शाळा व्हॅलेंटिन हॉई यांनीं स्थापन केली होती. तेथील पुस्तकांत नेहमींचींच अक्षरें उठावदार छापलेलीं असत. तीं पुस्तकें जड व थोडीं. वाचन फार सावकाश होई, आणि लिहिणें तर जवळजवळ अशक्यच. 1821 सालीं बार्बिये नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याची बारा टिंबांची एक लेखनपद्धति शाळेंत आली. परंतु तिचें एकेक चिन्ह बोटाच्या टोकाखालीं मावत नसे, आणि तींत शब्दांचें शुद्धलेखनही नव्हतें. लुईनें बारांचीं सहा टिंबें केलीं. तीन तीन टिंबांच्या दोन उभ्या ओळी; त्यांच्या अदलाबदलीनें 63 चिन्हें होतात. 1824 सालीं ही लिपि सिद्ध झाली, तेव्हां तो अवघा पंधरा वर्षांचा होता. ज्या जातीच्या हत्यारानें डोळे नेले, तसल्याच टोंचणीनें त्यानें कागदावर अक्षरें उमटविलीं! 1829 सालीं त्यानें ही पद्धति पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. पुढें तो त्याच शाळेंत शिक्षक झाला व पॅरिसमधील चर्चमध्यें ऑर्गन वाजवूं लागला.

तथापि या लिपीस विरोध झाला. अंधांची लिपि निराळी झाली, तर ते डोळसांपासून तुटतील, असा कित्येकांचा आक्षेप होता. तो अगदींच पोकळ नव्हता. आणि लुईनें त्याचें उत्तर कृतीनें दिलें. 1839 सालीं त्यानें दुसरी एक पद्धति प्रसिद्ध केली. तींत नेहमींच्या अक्षरांचे आकार टिंबांनीं काढतां येत, त्यामुळें अंध मुलास आपल्या घरच्या डोळस माणसांस पत्र लिहितां येऊं लागलें. तरीही कांहीं वर्षें त्याच्या लिपीस शाळेंत बंदी होती. क्षयानें पिडलेला लुई 6 जानेवारी 1852 रोजीं वारला, आणि फ्रान्समध्यें लिपीस अधिकृत मान्यता मिळाली ती 1854 सालीं! 1952 सालीं त्याच्या अस्थि पॅरिस येथील पँथिऑनमध्यें राष्ट्रांतील थोर पुरुषांच्या शेजारीं ठेवण्यांत आल्या.

आपल्या देशांत 1951 सालीं सर्व भाषांकरितां भारती ब्रेल लिपि ठरली, आणि मराठीही त्याच सहा टिंबांनीं वाचली जाऊं लागली. 2016 च्या कायद्यानें 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेंत अथवा पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. सिमोन व मोनिक यांच्याजवळ असला कोणताही कायदा नव्हता. होता तो केवळ निश्चय. पालकहो, ज्यांच्या घरीं असें मूल असेल त्यांनीं त्याला कोपऱ्यांत ठेवूं नये. शाळेचें दार ठोठवावें, आणि तें उघडेपर्यंत ठोठवीत राहावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, लुईला रोज शाळेंत नेणाऱ्या त्या शेजाऱ्याच्या मुलास विसरूं नका. तुमच्या बांकावर आणखी एकास बसण्यापुरती जागा खचित असेल.