दानपेटीची परीक्षा : स्टॅन्ली मिलग्राम

सिनेमातली मारामारी पाहून पोरे बिघडतात, हे आपण सर्वांनीच घरी ऐकलेले आहे. पण हे खरे की खोटे, ते ठरवायचे कसे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्राम यांनी त्यासाठी चक्क दानपेटी मांडली.

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये, पूर्व युरोपातून आलेल्या एका ज्यू बेकरीवाल्याच्या घरी झाला. पदवीला राज्यशास्त्र घेऊन पुढे १९६० साली त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. १९६१ मध्ये येल विद्यापीठात त्यांनी आज्ञापालनावरचे प्रयोग सुरू केले. ४० पैकी २६ जणांनी, केवळ सांगितले म्हणून, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला ४५० व्होल्टचा धक्का बसतो आहे अशा समजुतीने शेवटचे बटण दाबले. धक्के खोटे होते. या प्रयोगाने त्यांना कीर्ती मिळाली, तशीच निंदाही.

मोठ्यांनी बाहुलीला बडविलेले पाहून मुलेही तसेच करतात, हे अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ मध्ये दाखविले होते. परंतु बाहुलीला मारणे वेगळे आणि खरा गुन्हा करणे वेगळे. म्हणून मिलग्राम यांनी सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीच्या अनुदानातून एका लोकप्रिय मालिकेच्या भागाला निरनिराळे शेवट दिले. एकात अडचणीतला तरुण दानपेट्या फोडतो व पकडला जातो; दुसऱ्यात निसटतो; तिसऱ्यात मोह आवरतो. तुलनेसाठी एका गटाला निराळाच, साधा भाग दाखविला. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओची भेट घ्यायला प्रेक्षक आले, तो रेडिओ संपल्याची सूचना आणि जवळच नोटा दिसणारी दानपेटी! छुपा कॅमेरा सारे टिपत होता.

शॉटलंड या सहकाऱ्यासह निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले : गटागटांच्या चोरीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

मग दूरचित्रवाणी निर्दोष ठरली काय? आषाढीच्या गर्दीत एके दिवशी खिसेकापू सापडला नाही, म्हणून पंढरपुरात खिसे कापलेच जात नाहीत, असे आपण म्हणत नाही. इथे दाखविला तो एकच भाग. वर्षानुवर्षे पाहण्याचा परिणाम त्यात मोजलाच गेला नाही. शिवाय पैसा वाहिनीचा, हेही विसरून चालणार नाही. तरीही खऱ्या माणसांपुढे खरा मोह ठेवून पाहण्याची ही पद्धत मोलाचीच.

२० डिसेंबर १९८४ रोजी, अवघ्या ५१ व्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. यापुढे कोणी सिनेमाला दोष दिला, तर आपणही नम्रपणे विचारावे : कोणता सिनेमा, किती वेळा, आणि तो न पाहिलेल्यांचे काय?