तंबूतला गव्हर्नर

१८०३ च्या ऑगस्ट महिन्यात जनरल वेलस्लीची फौज नगरच्या भुईकोट किल्ल्यापुढे येऊन ठेपली. ८ तारखेला पेठ पडली, १२ तारखेला किल्ला. या फौजेबरोबर अजून चोवीस वर्षेही पुरी न झालेला एक मुलकी अधिकारी होता. त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. सोळा वर्षांनी हाच तरुण मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. पाठ्यपुस्तकांतून आपल्याला तो भेटतो तो पेशवाई बुडवणारा रेसिडेंट आणि नव्या शिक्षणाचा पुरस्कर्ता म्हणून. भाला घेऊन रानडुकरामागे घोडा फेकणारा एल्फिन्स्टन तेथे सहसा सापडत नाही. मला मात्र वाटते, की या माणसाची ओळख करून घ्यायची तर ती कचेरीत नव्हे, छावणीत करून घ्यावी.

(जाता जाता एक खुलासा. मुंबईच्या ज्या रेल्वे स्थानकाचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले, ते या एल्फिन्स्टनचे नव्हे, त्याच्या पुतण्याचे. कॉलेज मात्र याचेच!)

त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ चा, स्कॉटलंडमधला. लॉर्ड घराण्यातला चौथा मुलगा, म्हणजे घराण्याचे नाव मोठे आणि वाट्याला वतन नाही. अशा मुलांना त्या काळी कंपनी सरकारची नोकरी हाच आधार. वयाच्या सोळाव्या वर्षी, १७९६ मध्ये, तो कलकत्त्यास उतरला. १७९९ च्या जानेवारीत बनारसला वजीर अलीच्या माणसांनी गोऱ्यांची कत्तल केली, तेव्हा तो घोड्याच्या वेगामुळेच वाचला. शाळेत त्याचे शिक्षण बेताचेच झाले होते. ग्रीक, लॅटिन, फारसी या भाषांचा व्यासंग त्याने नोकरीत राहून वाढवला.

१८०४ ते १८०८ या काळात तो नागपूरला भोसल्यांच्या दरबारी होता. मित्रांसमवेत ग्रीक ग्रंथ वाचायचे आणि बातमी आली की डुकरामागे निघायचे, असा तेथला क्रम. या शिकारीत बंदूक वर्ज्य. डुकराला गोळी घालणे त्या मंडळींत कमीपणाचे मानीत. बंगालकडे आखूड, जड भाला वरून मारीत. दख्खनेत लांब, हलक्या बांबूचा भाला काखेखालून पुढे धरीत. डुक्कर आधी पळते, आणि दमले म्हणजे उलटते. त्याच्या सुळ्यांनी घोड्याचे पोट फाटायला एक क्षण पुरतो. त्यातून आपली काळी जमीन! उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. शिवाय ओढे, निवडुंगाची कुंपणे, बिनकठड्याच्या विहिरी. पिलांच्या मादीला हात लावायचा नाही आणि ज्याच्या भाल्याने पहिले रक्त काढले त्याचे सुळे, हे त्या खेळाचे नियम.

एल्फिन्स्टन गव्हर्नर झाल्यावरही हा नाद सुटला नाही. त्याचा बराच कारभार दौऱ्यावर, तंबूतून चाले. त्याच्या हाताखाली काम केलेल्या ब्रिग्जने या दौऱ्यांची हकिकत सांगून ठेवली आहे. छावणीत एक शिकारी खास नेमलेला असे. त्याचे काम एकच : आसपासच्या रानात डुकरे कोठे आहेत याचा तपास लावणे. रात्री ज्वारीत किंवा उसात चरून कळप पहाटे ओढ्याकाठच्या गचपणात परततो. उकरलेली माती, मोडलेली ताटे, चिखलातले खूर यांवरून माग काढायचा. बातमी आली, की गव्हर्नर साहेब दफ्तर गुंडाळून सुट्टी जाहीर करीत आणि एखाद-दोन दिवस सारी छावणी शिकारीत गुंतून जाई. डुकरासाठी मुद्दाम कोणी पेरीत नव्हते. कुणब्याचे उभे पीक हेच त्याचे ताट. डुक्कर मेले म्हणजे एका परीने पीक वाचले. पण घोडे कोणाच्या शेतातून धावले, हे लिहिणारे सगळे खोगिरावर बसलेले होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

याच मुलखात फासे आणि वाघरी लावून पोट भरणारे पारधीही होते. साहेबाची शिकार हा मर्दानी खेळ ठरला. पारध्याची शिकार ही त्याची जात ठरली, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा विस्तार होत गेला तसा तो जन्मानेच गुन्हेगार ठरला. हा कायदा एल्फिन्स्टनच्या मृत्यूनंतरचा आहे, त्याचा दोष त्याला देता येणार नाही. तरी दोन शिकाऱ्यांतले हे अंतर विसरता येत नाही.

१८११ मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट झाला, आणि येथे आपल्या जिल्ह्याचा एक माणूस त्याच्या आयुष्यात आला. संगमनेर तालुक्यातील निमगाव जाळीचा त्रिंबकजी डेंगळे हा दुसऱ्या बाजीरावाचा उजवा हात. १८१५ च्या जुलैत पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. एल्फिन्स्टनने त्याचा ठपका त्रिंबकजीवर ठेवून त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कोंडले. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटला. बाहेर एक मराठा मोतद्दार गाणे म्हणत असे आणि त्यातून निरोप पोचत, अशी कथा आहे. मग तो भिल्ल, रामोशी यांच्या आश्रयाने डोंगरांतून फिरत राहिला. डुकराचा माग काढणाऱ्या साहेबाला हा माग काही लागेना! अखेर १८१७ च्या जूनमध्ये त्याने बाजीरावावर पुण्याचा तह लादला आणि त्यात नगरचा किल्लाही कायमचा घेतला. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, संगमावरची रेसिडेन्सी जळाली, त्यात त्याची पुस्तके आणि हस्तलिखिते गेली. त्रिंबकजी १८१८ मध्ये पकडला गेला व चुनारच्या किल्ल्यात कैदेत राहिला.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर म्हणून नव्या मुलखाची घडी एल्फिन्स्टननेच बसवली. नगरचा कारभार हेन्री पॉटिंजरकडे गेला. तोही शिकारीचा शौकी. १८१९ चा एल्फिन्स्टनचा अहवाल वाचताना जाणवते, की लिहिणाऱ्याने गाव पाहिलेले आहे. पाटील, कुलकर्णी, बलुती, वतने, पंचायत यांची त्यात बारकाईने दखल आहे, आणि जुनी घडी एकदम मोडू नये असा आग्रह आहे. बंगालमध्ये बसून कायदे करणाऱ्यांपेक्षा ही नजर वेगळी होती. माझ्या मते ती तंबूत तयार झाली. मात्र तिला निव्वळ प्रेम समजू नये. जिंकलेला मुलूख शांत राहावा, हा हिशेब त्यात होताच. ब्राह्मणांची दक्षिणा चालू ठेवणे आणि १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा उघडणे यांमागेही तोच हिशेब दिसतो.

तरीही एक प्रसंग या हिशेबात बसत नाही. ब्रिग्जला एकदा त्याच्या तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग दिसला. हे कशासाठी, असे त्याने विचारले. लोकांना शिकवण्यासाठी, असे उत्तर आले. पण हाच आपला विलायतेस परतण्याचा रस्ता आहे, असेही एल्फिन्स्टन म्हणाला. मग आपण हे सुरू केलेत याचे नवल वाटते, असे ब्रिग्ज म्हणाला; तेव्हा काही झाले तरी हे आपले कर्तव्यच आहे, असे त्याने सांगितले. एका कोपऱ्यात भाले आणि दुसऱ्यात मराठी पुस्तके, असा तो तंबू मी डोळ्यांपुढे आणतो.

१८२७ मध्ये तो गेला. गव्हर्नर जनरलचे पद त्याने दोनदा नाकारले. लग्न केले नव्हते. सरे परगण्यात पुस्तकांत रमला आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी वारला. त्याचा हिंदुस्थानचा इतिहास १८४१ साली निघाला, तो पानिपताच्या लढाईपाशी थांबतो. पुढचा इंग्रजी अमदानीचा भाग अपुराच राहिला आणि १८८७ मध्ये कोलब्रुकने तो प्रसिद्ध केला.