खेतवाडीच्या घरातला यतीम मुलगा: डॉ. सलीम अली

पक्ष्यांचा माणूस म्हणून सलीम अलींचं नाव आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकात भेटतं. पण ते कुठल्या घरात वाढले, तिथे त्यांना कोणी सांभाळलं, हे सहसा कोणी सांगत नाही. आपल्यासाठी तर तोच भाग जास्त कामाचा आहे.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईतला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वालिद मोइजुद्दीन वारले आणि तीन वर्षांचे असताना वालिदा जीनतुन्निसा. आईवडिलांचा चेहराही आठवू नये, असं ते वय. मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मुमानी हमीदा बेगम यांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी या मुलांना गिरगावजवळच्या खेतवाडीत आपल्या घरी आणलं आणि वाढवलं. तय्यबजी खानदान मुंबईत नावाजलेलं होतं. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष आणि मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी याच खानदानातले. त्या काळी मुस्लिम घरांत इंग्रजी शिक्षणाकडे संशयाने पाहिलं जायचं. या खानदानाने मात्र मुलांना शिकवलंच, मुलींनाही शाळेत धाडलं. लहानग्या सलीमची सुरुवातीची शाळासुद्धा गिरगावातली मिशनची मुलींची शाळा होती. बहिणींसोबत तोही तिथे जायचा.

मामूंचं घर कसं होतं? माणसांनी भरलेलं, शिस्तीचं, पण मुलांच्या नादांना जागा देणारं. मामूंना शिकारीचा शौक होता आणि घरात त्याच गोष्टी चालायच्या. खाण्यासाठी बाजारातून जिवंत तितर-बटेर आणले जायचे. त्यातले काही सलीम मागून घ्यायचा आणि खानसाम्याच्या मदतीने खुराडं करून पाळायचा. आपल्याकडे एखाद्या पोराने कोंबडीची पिल्लं अशी मांडीवर घेतली, तर आधी अभ्यास कर म्हणून आपण ओरडतो. त्या घरात असं ओरडणं झालं नाही, आणि पुढचं सगळं मला त्यातूनच आलेलं दिसतं.

मामूंनी भाच्याला छर्र्याची बंदूक आणून दिली. (आज कोणी असं करू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्षी मारणं गुन्हा आहे, आणि स्वतः सलीम अलींनी पुढचं आयुष्य पक्षी वाचवण्यात घालवलं.) नऊ-दहा वर्षांचा हा मुलगा घरच्या तबेल्याजवळ चिमण्या टिपायचा. पण नुसता टिपत नव्हता, लिहूनही ठेवत होता. एका घरट्याजवळ पहारा देणारा नर मारला की मादी दुसरा नर घेऊन येते, असे सात दिवसांत आठ नर मारले गेले, अशी त्याची नोंद होती. पाहिलेलं कागदावर उतरवायची सवय त्याला त्या वयात लागली होती.

एक दिवस पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. मुस्लिम घरातला मुलगा, त्यामुळे पहिला प्रश्न साधा होता: ही वेगळीच चिमणी खायला चालते का? तो चिमणी घेऊन मामूंकडे गेला. मामूंना ती ओळखता आली नाही.

मी शिक्षक आहे, म्हणून या जागी जरा थांबतो. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांना येत नसलं की आपण काय करतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. काहीतरी ठोकून देतो, नाहीतर पिटाळून लावतो. वर्गात मीही हे पाहतो. ज्या पोरांच्या घरी प्रश्नाला वैताग मिळतो, ती पाचवी-सहावीपर्यंत विचारणंच सोडतात. मग पालक येऊन सांगतात की पोरगं वर्गात बोलत नाही. अमीरुद्दीन साहेबांनी दुसरी वाट धरली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते सभासद होते. तिथले मानद सचिव मिलार्ड साहेब यांच्या नावे त्यांनी चिठ्ठी दिली आणि मुलाला तिकडे पाठवलं. घाबरत गेलेल्या त्या मुलाला गोऱ्या साहेबाने ओळख पटवून दिली: ही पिवळ्या गळ्याची चिमणी, जिला मराठीत रानचिमणी म्हणतात. मग कपाटं उघडून भरून ठेवलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. सलीम अलींच्या आयुष्याची दिशा त्या दिवसापासून बदलली.

यावर कोणी म्हणेल, ते खानदानी लोक, त्यांच्या ओळखी मोठ्या. खरं आहे. पेपर मिलच्या किंवा कोळसा खाणीच्या कामगाराची ओळख अशा साहेबांशी नसते. पण बल्लारपूर असो की सिरोंचा, वनरक्षक, कृषी सहायक, डॉक्टर, शाळेतले विज्ञानाचे सर, कोणी ना कोणी माहीतगार माणूस प्रत्येक गावात असतो. पोराला त्याच्यापर्यंत नेण्याला पैसे लागत नाहीत.

आता त्या घराच्या परीक्षेचा भाग. सलीम अभ्यासात हुशार नव्हता. तेरा वर्षांच्या आसपास डोकेदुखी मागे लागली आणि वर्गात खाडे होऊ लागले. हवा बदलायला त्याला सिंधला नातेवाइकांकडे पाठवलं गेलं. 1913 ला मॅट्रिक कशीबशी निघाली. सेंट झेवियर्स कॉलेजात गणिताने घाम फोडला आणि पहिल्याच वर्षानंतर कॉलेज सुटलं. मग बर्मातल्या तवॉयला घरच्या खाणीच्या धंद्यात हातभार लावायला गेला. तिथे धंद्यापेक्षा जंगलात जास्त रमला. 1917 ला परतला तेव्हा हातात पदवी नव्हती आणि धंद्याचं यशही नव्हतं. आपल्या हिशेबाने हा मुलगा वाया गेलेला. घरच्यांनी धंदा शिकण्याचा आग्रह सोडला नाही, तो दावर्स कॉलेजात वाणिज्य शिकलाही. पण सोबत झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे धडे घेण्यावर कोणी बंदी घातली नाही.

डिसेंबर 1918 मध्ये तहमीना बेगम यांच्याशी निकाह झाला. पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. 1926 ला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. तिथून रजा घेऊन बर्लिनला प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले आणि 1930 ला परतले, तर म्युझियमने पैशाअभावी ती जागाच बंद केलेली. बायको घरात, नोकरी नाही. अशा वेळी कुठल्याही घरात भांडणं होतात. तहमीना बेगम मात्र त्यांच्यासोबत अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेल्या. तिथे सलीम अलींनी सुगरणीची घरटी रोज पाहिली आणि नर एकामागून एक घरटी बांधून एकाहून जास्त माद्यांशी जोडी कशी जमवतो, हे पहिल्यांदा नीट मांडलं. आपल्याकडे विहिरीवरच्या बाभळीला लटकणारी तीच सुगरण.

पुढे संस्थानांतल्या पक्ष्यांची मोजदाद सुरू झाली. मेहनताना घ्यायचा नाही, फक्त तंबू-प्रवासाचा खर्च संस्थानाने द्यायचा, अशी बोली होती. 1931 ला हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. आपले राजुरा, कोरपना, जिवती तेव्हा त्याच संस्थानात होते. शहरात वाढलेल्या, इंग्लंडात शिकलेल्या तहमीना बेगम तंबूत, बैलगाडीत, पावसापाण्यात सोबत राहिल्या. 1939 ला एका छोट्या ऑपरेशननंतर त्यांचा इंतकाल झाला. सलीम अली तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते आणि मूलबाळ नव्हतं.

पुन्हा खानदानच पुढे आलं. बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना वांद्र्याच्या पाली हिलवरच्या आपल्या घरी नेलं. मोठी कामं त्यानंतरची आहेत: 1941 चं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक, डिलन रिप्ली यांच्यासोबतचे दहा खंड, भरतपूर आणि सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठीची धडपड, 1976 चं पद्मविभूषण. त्याच वर्षी मिळालेल्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराचे पैसे त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीत घातले. 20 जून 1987 ला वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आपल्या जिल्ह्यांत जंगल म्हणजे आधी वाघाची भीती. ती खोटी नाही, मोहफुलं वेचायला गेलेली माणसं परत न आलेली घरं आपण पाहिली आहेत. पोरांना एकटं पाठवू नका. पण मोह-पळसाच्या रानात आणि शेताच्या धुऱ्यावरही रानचिमणी दिसते. उन्हाळ्यात अब्बा किंवा अम्मी सोबत उभे राहिले, तर पिवळा गळा पोरांना सहज दाखवता येईल.