संत डॉन बॉस्को : आधी मुले, मग नियमावली



आपल्या युवा मंडळाने आपले ध्येय आणि कार्य कागदावर मांडायचे ठरवले आहे. त्यानिमित्त तरुणांच्या या लाडक्या संताची आठवण करू या.

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील वारले. आई मार्गारेटने कष्टाने वाढवले. नवव्या वर्षी त्यांना स्वप्न पडले. शिव्या देणाऱ्या मुलांना ते ठोसे मारून गप्प करू पाहत होते. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्यांना मुलांना मारून नव्हे, तर मायेने जिंकायला सांगितले. ध्येय तिथेच मिळाले. मार्ग सापडायला मात्र अनेक वर्षे लागली.

१८४१ साली ते धर्मगुरू झाले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला, तुरीन शहरातील एका चर्चमध्ये, मिस्साची सेवा येत नाही म्हणून एका अनाथ मुलाला मारून हाकलले गेले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले, शीळ घालता येते का असे विचारून हसवले आणि क्रुसाची खूण शिकवली. कार्याची सुरुवात ही अशी, एका मुलापासून.

मुले वाढली, पण जागा कोणी देईना. अखेर १८४६ साली वाल्दोक्को येथे एक साधी शेड मिळाली. म्हातारी आई घर सोडून मुलांचे कपडे शिवायला आली. कारखान्यात मुले राबवली जात, म्हणून डॉन बॉस्कोंनी मालकांशी लेखी करार केले : मारहाण नको, रविवारी सुट्टी हवी. १८५३ पासून स्वतःच्या कार्यशाळाही सुरू केल्या.

सालेशियन संस्था १८५९ साली स्थापन झाली. तिच्या नियमावलीला रोमची अंतिम मान्यता मिळाली १८७४ साली, म्हणजे तो पहिला मुलगा भेटल्यानंतर ३२ वर्षांहून अधिक काळाने! ३१ जानेवारी १८८८ रोजी ते प्रभूघरी गेले. १९०६ साली त्यांचे सालेशियन तंजावरला आले, १९२८ साली मुंबईत.

ध्येय एकच राहिले. कार्य मात्र समोरच्या मुलाची गरज पाहून ठरत गेले. आपल्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची मुले कोप्यांवर उतरतात. आपल्या कागदावर त्यांना जागा आहे का? युवकांनो, पहिली ओळ लिहिण्याआधी एकदा कोप्यांवर जाऊन या.

तुमचा धर्मगुरू