मशीन बंद न करताच जेवायला गेला, अन् परत येऊन बघतो तर हार्डबोर्ड तयार झाला होता

परीक्षेला जाताना हातात काय काय असायचं? हॉल तिकीट, कंपास पेटी अन् क्लिप लावलेलं तपकिरी पॅड.

त्या पॅडची वरची बाजू एकदम गुळगुळीत. उलटं केलं की मात्र बारीक जाळीचे ठसे. वर्षानुवर्षं या पॅडवर पेपर लिहिले गेले, पण मागे जाळी का असते हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही.

त्या पाटीला म्हणतात हार्डबोर्ड. फोटो फ्रेमच्या मागे, कपाटाच्या पाठीला, जुन्या टीव्हीच्या मागच्या झाकणाला हाच बोर्ड असायचा. आज किचनच्या शटरपासून टीव्ही युनिटपर्यंत सगळीकडे दिसणारा एमडीएफ हा त्याचाच धाकटा भाऊ.

हा हार्डबोर्ड जगभर पोहोचवणाऱ्या माणसाचं नाव विल्यम मेसन. अमेरिकेत हार्डबोर्डला आजही लोक सर्रास त्याच्याच नावावरून मेसोनाइट म्हणतात.

मेसन हा थॉमस एडिसनच्या तालमीत तयार झालेला गडी. एडिसनकडे त्याने बरीच वर्षं काम केलं होतं. एखादी गोष्ट जमेपर्यंत करत राहायची, ही सवय त्याला तिथेच लागली.

पहिलं महायुद्ध संपल्यावर तो अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यात, लॉरेल नावाच्या गावात आला. लॉरेल म्हणजे लाकडाचं गाव. आजूबाजूला पाइनची जंगलं अन् गावात मोठमोठ्या सॉ मिल. यातली एक मिल विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉसॉ इथल्या लाकूड व्यापाऱ्यांची होती.

मेसन आला होता टर्पेंटाईन काढायला. तेच टर्पेंटाईन, जे आपल्याकडचे पेंटर ऑइल पेंट पातळ करायला अन् ब्रश धुवायला वापरतात. पाइनच्या ओल्या लाकडातून ते काढायची पद्धत त्याने शोधली होती. पण युद्धानंतर टर्पेंटाईनचे भाव पडले अन् धंद्यात दम राहिला नाही.

आता करायचं काय?

समोर मिलच्या आवारात ढलप्यांचे अन् तुकड्यांचे ढीग लागलेले. गोल ओंडक्यातून चौकोनी फळ्या काढल्या की लाकडाचा मोठा हिस्सा असाच वाया जायचा. मिलवाले तो जाळून टाकायचे. दुसरीकडे जंगल झपाट्याने संपत चाललं होतं. जंगल संपलं की मिल बंद, अन् मिल बंद पडली की गाव रिकामं, हे दक्षिणेतल्या कितीतरी गावांच्या नशिबी आलं होतं.

मेसनने ठरवलं, जळणाऱ्या या कचऱ्याचंच काहीतरी करायचं.

त्यासाठी त्याने जे यंत्र बनवलं ते तोफेसारखं होतं. जाड पोलादी भांड्यात ढलप्या भरायच्या अन् वाफेचा दाब चढवायचा. कारखान्यातल्या पद्धतीत हा दाब शेवटच्या काही सेकंदांत दर चौरस इंचाला 1000 पौंडांच्या आसपास नेला जायचा. गाडीच्या टायरमध्ये साधारण 30 ते 35 पौंड हवा असते, त्यावरून अंदाज येईल. मग खालची झडप एकदम उघडायची. दाब सुटला की ढलपीच्या आतली वाफ फुगायची अन् लाकूड फुटून त्याचे मऊ, तपकिरी धागे बाहेर पडायचे. लाह्या फुटतात ना, अगदी तसंच.

धागे तर मिळाले. आता त्यांचा बोर्ड बनवायचा होता. मेसनच्या डोक्यात होता भिंतीत घालायचा मऊ, उष्णता अडवणारा बोर्ड. त्यासाठी धाग्यांचा ओला थर तो तापलेल्या प्रेसमध्ये दाबून बघत होता.

साल होतं 1924. अन् इथेच तो प्रसिद्ध किस्सा घडला.

असं सांगितलं जातं की, एके दिवशी मेसन ओला थर प्रेसमध्ये ठेवून जेवायला गेला. जाताना वाफ बंद झाली असं त्याला वाटलं. पण झडप गळकी होती अन् प्रेस तापतच राहिली. तो परत आला तेव्हा मऊ बोर्डाच्या जागी एक पातळ, कडक, गुळगुळीत पाटी तयार झाली होती.

यात गंमत अशी की, त्याने कसलाही गोंद घातला नव्हता.

मग धागे चिकटले कसे? लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. झाडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवायचं काम तोच करतो. जास्त उष्णता अन् वाफ मिळाली की तो मऊ पडतो अन् दाबाखाली पुन्हा धाग्यांना जखडून टाकतो. म्हणजे झाडाचाच गोंद परत कामाला लागला.

अन् मागची जाळी? ओला थर दोन सपाट पत्र्यांमध्ये दाबला तर पाणी अन् वाफ बाहेर निघणार कुठून? म्हणून एका बाजूला तारेची जाळी ठेवायची. तिचेच ठसे आपल्या पॅडच्या मागे उमटलेले असतात.

पुढची चाकं भराभर फिरली. वॉसॉच्या व्यापाऱ्यांनी पैसा घातला. 1925 मध्ये मेसन फायबर कंपनी उभी राहिली अन् 1926 मध्ये लॉरेलला कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी वाफेने लाकूड फोडायच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. 1928 मध्ये कडक बोर्डाचं पेटंट मिळालं अन् कंपनीचं नाव झालं मेसोनाइट कॉर्पोरेशन. जो कचरा जाळला जात होता, तोच आता कच्चा माल झाला होता. आजूबाजूचं जंगल संपल्यावरही लॉरेलच्या लोकांच्या हाताला काम राहिलं, त्यात या कारखान्याचा मोठा वाटा होता.

1933 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मेसोनाइटचं अख्खं घर उभं केलं गेलं. दारं, टेबलं, भिंती, होड्या, गिटार, सगळ्यात हा बोर्ड शिरला. चित्रकारांनीही कॅनव्हासऐवजी त्यावर चित्रं काढली.

1940 मध्ये मेसन गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच्या पेटंटवरून कंपनीला मोठा झटका बसला. मेसोनाइटने प्रतिस्पर्धी कंपन्यांना आपले एजंट बनवून सगळीकडे एकच भाव बांधून दिला होता. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1942 मध्ये हा प्रकार बेकायदेशीर ठरवला. पेटंट हातात आहे म्हणून सगळ्यांनी मिळून भाव ठरवता येणार नाही, हे या खटल्याने स्पष्ट झालं.

पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेतच एमडीएफचं उत्पादन सुरू झालं. त्यात धागे आधी सुकवतात अन् रेझिन घालून दाबतात. त्यामुळे बोर्ड जाड बनवता येतो, दोन्ही बाजू गुळगुळीत येतात अन् कापायला, कोरायलाही सोपा जातो.

पण मेसनच्या बोर्डाची एक खोड एमडीएफमध्येही उतरली. दोन्ही शेवटी लाकडाचे दाबलेले धागेच. पाणी मिळालं की ते फुगणार.

याची किंमत मेसोनाइट कंपनीने नंतर मोजली. घरांच्या बाहेरच्या भिंतींवर लावलेले हार्डबोर्ड पाणी पिऊन फुगतात, कुजतात, अशा तक्रारी घेऊन 1990 च्या दशकात अमेरिकेतले घरमालक कोर्टात गेले अन् कंपनीला समझोता करून भरपाई द्यावी लागली.

म्हणूनच घरी हार्डबोर्ड किंवा एमडीएफच्या फर्निचरला रंग द्यायचा असेल, तर हा बोर्ड बनतो कसा हे आठवलं की अर्धं काम सोपं होतं.

गुळगुळीत बाजूवर रंगाला पकड मिळत नाही. म्हणून 180 किंवा 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं अन् धूळ पुसून घ्यायची. घासताना मास्क हवाच. एमडीएफची धूळ खूप बारीक असते अन् त्यात बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं.

सगळ्यात तहानलेली असते ती कापलेली कड. तिथे धागे उघडे पडलेले असतात, त्यामुळे रंग शोषला जातो अन् कड खडबडीत दिसते. कडेला आधी सीलर किंवा लांबी लावायची, वाळली की घासायची अन् पुन्हा एक हात द्यायचा.

पहिला प्रायमर ऑइलचा घेतलेला बरा. पाण्याचा प्रायमर थेट लावला तर धागे उभे राहू शकतात. प्रायमर वाळला की परत हलका पॉलिश पेपर मारायचा अन् मग रंगाचे दोन पातळ हात. जाड एकच हात दिला तर ओघळ येतात.

शटर किंवा फळी असेल तर मागची बाजूही रंगवायची. एकच बाजू बंद केली तर दुसरी हवेतला ओलावा ओढत राहते अन् फळी वाकते. अन् सिंकखाली किंवा गॅलरीत, जिथे रोज पाणी लागतं, तिथे साधा एमडीएफ लावूच नये. कितीही रंग दिला तरी एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरतंच.