जॉन न्यूटन : सावकाश उजळलेले अंतःकरण

साक्षीच्या सभेत एखादा बंधू उठून आपले अंतःकरण अमुक दिवशी पालटले असे सांगू लागला, म्हणजे ज्यांस असा दिवस सांगता येत नाही ते मान खाली घालून बसतात, हे आम्ही खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत पुष्कळदा पाहिले आहे. अशांसाठी जॉन न्यूटन याचे चरित्र येथे देतो. त्यास तो दिवस पक्का ठाऊक होता. तथापि त्या दिवशी काय झाले नाही, हेच अधिक विचार करण्याजोगे आहे.

तो १७२५ साली लंडन शहरात जन्मला. बाप जहाजाचा कप्तान. आई भक्तिमान होती; तिने त्यास लहानपणीच शास्त्रवचने व गीते पाठ करविली, पण तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच ती क्षयाने वारली. अकराव्या वर्षी तो समुद्रावर गेला. १७४४ साली त्यास बळजबरीने आरमारात घातले; तेथून तो पळाला, पकडला गेला आणि फटके खाल्ले. देवाची निंदा करण्यात तो इतर खलाशांस मागे टाकी. पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्यापाशी त्याची अशी अन्नान्नदशा झाली की, साखळदंडांतल्या गुलामांनी आपल्या वाट्याचे अन्न चोरून त्यास द्यावे.

१७४८ च्या १० मार्चला, म्हणजे तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे, मायदेशी परतताना जहाज तुफानात सापडले. पहाटेपासून दुपारपर्यंत तो पाणी उपशीत होता. मग सुकाणू धरून बसला. तेव्हा त्याच्या मुखातून देवाच्या दयेची याचना निघाली. सुमारे चार आठवड्यांनी जहाज आयर्लंडास लागले. तो दिवस न्यूटनाने जन्मभर उपकारस्मरणाचा म्हणून पाळला.

मग त्याने गुलामांचा व्यापार सोडला असेल, असे वाचकांस वाटेल. नाही. १७५० पासून १७५४ पर्यंत तो स्वतः कप्तान होऊन तीनदा गुलाम नेण्यास गेला. ज्यांनी त्यास उपाशी मरू दिले नाही, त्यांच्याच भाऊबंदांस त्याने विकले! रविवारी तो खलाशांस जमवून उपासना चालवी, आणि खाली तळात स्त्रीपुरुष बेड्यांत पडलेले असत. शिवीगाळ सुटली होती, प्रार्थना जडली होती. या एका ठिकाणी मात्र डोळे मिटलेलेच राहिले. हे झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही. बाप्तिस्मा होऊनही पाण्याचा माठ जातीप्रमाणे वेगळा ठेवणारे आमच्यात नाहीत काय?

१७५४ साली अकस्मात झटका आल्यामुळे त्याचा समुद्रप्रवास संपला, विवेकाच्या टोचणीने नव्हे. पुढे लिव्हरपूल येथे जकातीच्या कामावर असता त्याने ग्रीक व इब्री भाषांचा अभ्यास केला. पाळकपदाची त्याची मागणी काही वर्षे नाकारली गेली. अखेरीस १७६४ साली दीक्षा मिळून तो ओल्नी गावी गेला. तेथील गरीब लोक लेस विणून पोट भरीत. त्यांच्या मंडळीसाठी त्याने गीते रचली; ‘अमेझिंग ग्रेस’ हे प्रसिद्ध गीत १७७३ च्या पहिल्या दिवसासाठी लिहिलेले. १७६४ साली छापलेल्या आत्मवृत्तात, तुफानानंतर बराच काळ आपणास खरा विश्वासणारा म्हणता येत नव्हते, असे त्याने प्रांजळपणे कबूल केले आहे. मात्र त्या व्यापाराविरुद्ध तो तेव्हाही जाहीरपणे बोलला नाही.

१७८० साली तो लंडनच्या एका मंडळीचा पाळक झाला. १७८५ साली विल्बरफोर्स नावाचा तरुण पार्लमेंटचा सभासद त्याच्याकडे सल्ल्यास आला. राजकारण सोडू नकोस, तेथेच देवाची सेवा कर, असा न्यूटनाने त्यास बोध केला. शेवटी १७८८ साली, समुद्र सोडल्यावर ३४ वर्षांनी, त्याने गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तिका छापून आपले पाप चारचौघांत कबूल केले. नंतर पार्लमेंटच्या समितीपुढे जाऊन, जहाजांवर जे स्वतः पाहिले व केले ते सर्व सांगितले.

ब्रिटिश जहाजांचा तो व्यापार बंद करणारा कायदा २५ मार्च १८०७ रोजी झाला. न्यूटन तेव्हा ८१ वर्षांचा होता व त्याची दृष्टी बहुतेक गेली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला तो प्रभूमध्ये निजला.